तुझ्या गावचे लोक



२०२५च्या पावसाळ्यात तीन शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षक, कारकून, शिपाई, बालरथाचे चालक आणि माध्यान्ह आहार करणाऱ्या स्वयंसाहाय्य गटाच्या ताई अशी सगळी मंडळी सभागृहात बसत होती. त्याबद्दल पालकांकडून बरीच विचारणा झाली. काहींना ते संगणकाचे प्रशिक्षण वाटले, काहींना नव्या शैक्षणिक धोरणाचे. एका पालकाने फोनवर सरळ विचारले, "सर, पेडण्याच्या शाळेत पॅलेस्टाईनचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. शाळेचे मुखपत्र पालकांसाठीच असते, तेव्हा उत्तर इथेच देतो.

पॅलेस्टाईन आमच्या शाळेत आम्ही आणले नाही. ते मैदानातून आले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला, सुमारे बाराशे माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर गाझात जे युद्ध झाले त्यात हजारो मुले गेली. हे सगळे मोबाईलवर दिसत होते आणि मोबाईल कोणत्या घरात नाही? दिवाळीच्या सुट्टीनंतर मधल्या सुट्टीत एक नवा खेळ सुरू झाला. एक बाजू इस्रायल, दुसरी गाझा. चिंचेच्या झाडाखालची जागा गाझाची. खेळात पोरे बाजू बदलतात, आज चोर तर उद्या शिपाई. या खेळात बाजू बदलत नव्हत्या. गाझात रोज तीच तीन मुले. तिघेही मुसलमान, तिघांचाही जन्म गोव्यातला, त्यातल्या एकाचे आजोबा साखळीच्या बाजारात चाळीस वर्षे दुकान चालवत होते. तिघांनी नकाशावर गाझा कुठे आहे हे आमच्या भूगोलाच्या बाईंना विचारून घेतले. ज्या गावचे आपण आहोत असे सगळे म्हणतात ते गाव कुठे आहे हे तरी कळावे, एवढाच त्यामागचा हेतू असावा. खेळ बाईंनी बंद केला, पण एकाचे नाव ‘हमास’ पडले ते दहावीपर्यंत गेले नाही.

तेव्हा आम्ही ते पोरांचे चिडवणे म्हणून पाहिले नाही. ‘चिडवणे’ हा शब्द फार सोयीचा आहे. जाड्याला जाड्या म्हणणे हे चिडवणे. तेही वाईटच. पण एखाद्या पोराला त्याने न केलेल्या, न पाहिलेल्या गोष्टीचा जाब विचारणे, आणि तोही त्याच्या जातीकडे, धर्माकडे, चेहऱ्याकडे बघून, ही वेगळी गोष्ट आहे. इंग्रजी जाणणारे त्याला रेसिझम म्हणतात. आपल्याकडे वंशभेद म्हटले की लोकांना दक्षिण आफ्रिका आठवते, मोहनदास गांधींना आगगाडीतून उतरवले ते आठवते. चिंचेचे झाड आठवत नाही.

इथे थोडे स्वतःविषयी. आमचा जन्म इंदूरचा. घरात मराठी, शाळा-कॉलेज हिंदी माध्यमातून. होळकरांच्या काळापासून तिथे राहिलेली मराठी घरे पुष्कळ आहेत, त्यांपैकी आमचे एक. इंदुरात आम्ही ‘महाराष्ट्र के लोग’ होतो. पुढे शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी महाराष्ट्रात आलो तर तिथल्या एका प्राध्यापकांनी पहिल्याच पाठानंतर वर्गासमोर सांगितले की तुमचे मराठी बाजारातले आहे, वर्गातले नाही. मग गोव्यात आलो. डिचोलीत नऊ वर्षे, पेडण्यात त्याहून जास्त. इथे प्रेम पुष्कळ मिळाले, तरी अजूनही कुणी नवा माणूस दोन वाक्यांनंतर विचारतोच, "तुम्ही मूळचे कुठले?" त्याचा राग येत नाही. एवढेच की ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न कधी चौकशीचा असतो आणि कधी दार लावण्याचा असतो, हे कानाला कळते. कुठल्याही मुलाच्या कानालाही कळते.

डिचोलीत होतो तेव्हा खाणी जोरात चालत होत्या. कर्नाटक, झारखंड, छत्तीसगडातून आलेल्या मजुरांची मुले वर्गात असत. हजेरीपटावर त्यांना नावे होती, पण शिक्षकखोलीत ‘तो घाट्याचा’ एवढेच चाले. कुणाच्या मनात वैर नव्हते हे आम्ही शपथेवर सांगू. शब्द तयार होता, म्हणून वापरला जात होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. मजुरांची मुले तर गेलीच, पण ज्यांचे ट्रक चालत होते अशी गावातली घरेही पोटासाठी बाहेर पडली. आमचा एक माजी विद्यार्थी आखातात गेला. तिथे सगळ्या भारतीयांना एकाच तुच्छ नावाने हाक मारणारा मुकादम त्याला भेटला. पत्रात त्याने लिहिले होते, सर, इथे मी घाटी आहे.

आता २०२५च्या एप्रिलकडे येतो, कारण प्रशिक्षण तिथूनच सुरू झाले. त्या वर्षी गोव्यात शाळा एप्रिलमध्येच भरल्या होत्या. २२ एप्रिलला पहलगामला पर्यटकांना वेचून मारले. सव्वीस जीव गेले. संताप सगळ्या देशाला होता, आम्हालाही होता. आमच्या सातवीत तेव्हा एक काश्मिरी मुलगा होता. हरमल, मोरजी भागात काश्मिरी शालींची, खड्यांच्या दागिन्यांची दुकाने पुष्कळ आहेत, हे वेगळे सांगायला नको. त्याचे वडील असेच एक दुकान भाड्याने चालवत. मुलगा चार वर्षे आमच्याकडे होता, कोंकणी आमच्यापेक्षा चांगली बोले आणि चतुर्थीला वर्गातल्या मुलांबरोबर माटोळीची फळे ओळखण्याच्या स्पर्धेत दुसरा आला होता. २४ तारखेला बालरथात चालकाने त्याला विचारले, "तुझ्या गावच्या लोकांनी हे काय केले रे?" चालक चांगला माणूस आहे. त्याने ओरडून विचारले नाही, हसतही विचारले नाही. पण गाडीतली तीस मुले ऐकत होती. मोठ्या माणसाने वाट मोकळी करून दिल्यावर मुलांना काय हवे असते? पुढचे दोन दिवस तोच प्रश्न वर्गात, पाण्याच्या नळाजवळ, मैदानात.

वर्गशिक्षिकेने आम्हाला सांगितले त्याच दिवशी आम्ही बालरथात बसून त्याच्या घरापर्यंत गेलो. वडिलांनी चहा दिला. तक्रार एका शब्दाने केली नाही. दुकानाच्या मालकाने पुढच्या हंगामाबद्दल अजून काही सांगितलेले नाही, एवढे मात्र म्हणाले. मेच्या सुट्टीत ते दाखला न्यायला आले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा एक रकाना असतो. कारकुनाने विचारले, काय लिहू? वडील म्हणाले, जे लिहिता ते लिहा. ‘स्थलांतर’ असे लिहिले. तो रकाना एका शब्दापुरताच असतो.

त्यानंतर झालेल्या शिक्षकसभेत मतभेद झाले, ते लपवण्याचे कारण नाही. एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, आपण विषय शिकवावेत, राजकारण नको. दुसऱ्या बाई म्हणाल्या, मारले गेले त्यांच्या मुलांचे दुःख आधी बोला, मग या मुलाचे. आम्ही म्हटले, दोन्ही बोलू, पण मारले गेलेल्यांचे दुःख या मुलाच्या अंगावर टाकून हलके होणार नाही. शेवटी ठरले की तीन शनिवार घ्यायचे आणि शाळेत पगार किंवा मानधन घेणारा प्रत्येक माणूस बसेल, मुख्याध्यापकापासून झाडूवाल्या ताईपर्यंत. बाहेरचा तज्ज्ञ बोलावला नाही. तज्ज्ञ येतो, पडद्यावर चित्रे दाखवतो, प्रमाणपत्रे देतो आणि जातो. एका दिवसाच्या अशा वर्गाचा असर फार टिकत नाही, हे अमेरिकेतील अभ्यासकांनीच वारंवार लिहिले आहे. त्यांच्याकडे कचेऱ्या-कारखान्यांतून असे वर्ग कित्येक वर्षे चालले आहेत.

आपल्याकडे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे आणि त्यात मालकाने कार्यशाळा घ्याव्यात असे स्पष्ट म्हटले आहे. वंश, प्रांत, चेहरा यांवरून होणाऱ्या अपमानासाठी तसे बंधन नाही. अरुणाचलचा विद्यार्थी निदो तानिया २०१४च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपत नगरात मारहाणीनंतर मरण पावला. सुरुवात त्याच्या केसांवरून केलेल्या थट्टेने झाली होती. त्यानंतर बेझबरुआ समिती नेमली गेली. ईशान्येचा इतिहास अभ्यासक्रमात यावा असे तिने सुचवले, कायद्यात बदलही सुचवले. आणि भारताने १९६८ मध्ये मान्य केलेल्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय कराराचे सातवे कलम तर थेट शिक्षणाविषयीच आहे. म्हणजे आम्ही काही जगावेगळे करत नव्हतो.

पहिला शनिवार आम्ही गोव्यालाच दिला. २०१३च्या ऑक्टोबर अखेरीस पर्रा येथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, मारामारी झाली, अटका झाल्या. इथपर्यंत तो पोलिसांचा विषय होता. पुढच्या काही दिवसांत तो सगळ्या काळ्या माणसांचा विषय झाला. नायजेरियनांना नकार द्या, अमली पदार्थांना नकार द्या, असे एका श्वासात सांगणारा फलक उत्तर गोव्यात लागला. एका मंत्र्यांनी नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली आणि मग दिलगिरी व्यक्त केली. नायजेरियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याने सुनावले की आमच्या देशातही लाखो भारतीय राहतात. सभागृहात आम्ही एवढेच विचारले: त्या दिवशी लागोसमध्ये नोकरी करणाऱ्या एखाद्या गोंयकाराने काय केले होते? कुणीच बोलले नाही. मग बालरथाचा तोच चालक म्हणाला, "पण सर, धंदा करणारे धरले जातात ते तर खरेच ना?" खरेच. धरले जातात त्यांना धरावे. गुन्ह्याला नाव, पत्ता आणि कलम असते. फलकावर यांतले काहीच नव्हते.

दुसऱ्या शनिवारी पॅलेस्टाईनचा विषय घेतला, आणि पालकांचा फोन त्यावरूनच आला होता. म्हणून तेच जरा सविस्तर सांगतो.

पाहुणे म्हणून आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील आले. ते कुवेतमध्ये एका कंपनीत हिशेबनीस होते. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना, त्यांत गोव्यातली कितीतरी घरे, अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. ती कथा आपण अभिमानाने सांगतो. त्यांनी तिचा दुसरा भाग सांगितला. कुवेतमध्ये तेव्हा साडेतीन-चार लाख पॅलेस्टिनी राहत होते. १९४८ मध्ये घरे सुटलेल्यांची ती मुले, नातवंडे. डॉक्टर, इंजिनियर, आणि शाळांतून शिक्षक तर फार. यासर अराफत सद्दामच्या बाजूला झुकले. १९९१ मध्ये कुवेत मुक्त झाले आणि त्या झुकण्याची किंमत शाळेत गणित शिकवणाऱ्याने दिली. बहुतेकांना देश सोडावा लागला, काहींना त्याआधी मारही खावा लागला. पाहुण्यांच्या खालच्या मजल्यावर असेच एक शिक्षक राहत. ताबा असताना त्यांनी यांच्या घरी पाव पोहोचवला होता. युद्ध संपल्यावर हे परत कामावर गेले तेव्हा त्या दारावर दुसरे कुलूप होते. "आम्हा भारतीयांना परत बोलावले, त्यांना नाही," एवढे बोलून ते खाली बसले.

मग आम्ही वादी अल-फयूमी या मुलाबद्दल सांगितले. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोजवळ या सहा वर्षांच्या पॅलेस्टिनी-अमेरिकन मुलाला त्याच्याच घरमालकाने भोसकून मारले. आईही गंभीर जखमी झाली. हाच घरमालक पूर्वी त्या मुलाशी प्रेमाने वागे, त्याला खेळायला झाडावर घर बांधून दिले होते, असे त्या वेळच्या बातम्यांत होते. बातम्या ऐकून ऐकून त्याला त्या मुलात मूल दिसेनासे झाले. २०२५ मध्ये त्याला त्रेपन्न वर्षांची शिक्षा झाली. त्याच ऑक्टोबरमध्ये लंडनमधल्या काही ज्यू शाळा भीतीपोटी बंद ठेवाव्या लागल्या, हेही आम्ही त्याच दमात सांगितले, कारण एक सांगून दुसरे गाळले तर आमचाही तो मैदानातला खेळच होतो. कॅनडात टोरांटोच्या शाळा मंडळाने २०२४ मध्ये पॅलेस्टिनींविरुद्धच्या वंशभेदाला आपल्या द्वेषविरोधी आराखड्यात जागा दिली. त्यावरही तिथे मोठा वाद झाला. काहींचे म्हणणे, यामुळे इस्रायलची बाजू मांडणेच अवघड होईल. वाद होऊ देत. देश, सरकार, युद्ध यांवर वाद झालाच पाहिजे. सातवीतल्या मुलाशी नको.

इथे आमच्या मराठीच्या बाईंनी जे सांगितले ते आम्हालाही नवीन होते. कोकणातले बेने इस्राएल ज्यू, मराठी मातृभाषेचे, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’. आडनावे आपल्यासारखीच गावावरून, ‘कर’ लावलेली. इस्रायल झाल्यावर त्यांतले पुष्कळ तिकडे गेले. ज्यू म्हणून गेले आणि तिथे काहींना ते काळे, हिंदी, अर्धवट ज्यू वाटले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लग्नांना मान्यता देण्यापूर्वी धर्मपीठ त्यांच्या पिढ्यांची चौकशी मागू लागले. त्यांनी निदर्शने केली, धरणे धरले, आणि १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू असल्याचे मान्य झाले. तरीही मराठी सोडली नाही, ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक तिकडे काढले. म्हणजे या भांडणाच्या दोन्ही काठांवर आपली माणसे सापडतात. हे ऐकल्यावर ज्येष्ठ शिक्षक, जे राजकारण नको म्हणाले होते, त्यांनी वहीत लिहून घेतले. ते इतिहास शिकवतात. डिचोलीच्या नमाझगाहचा विषय त्यांनीच काढला. औरंगजेबाचा बंडखोर शहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता आणि ती वास्तू त्याच्याशी जोडली जाते. बापाचे वैर मुलाच्या कपाळी न लावणारा राजा आपल्याच गोव्याच्या इतिहासात आहे, असे ते म्हणाले. आम्हाला वाटते, राजकारणाचे हिशेबही त्यात असतील. पण त्यांचा मुद्दा पटला.

तिसरा शनिवार कोरडा होता, कामाचा. अमेरिकेतील जेन एलियट या शिक्षिकेने १९६८ मध्ये तिसरीच्या वर्गात निळ्या आणि तपकिरी डोळ्यांची मुले वेगळी करून एकेका गटाला कमी लेखण्याचा प्रयोग केला होता. तो आपणही करावा असे एका तरुण शिक्षिकेने सुचवले. आम्ही नाही म्हटले. भेदभाव समजावा म्हणून लहान मुलाला मुद्दाम रडवणे आम्हाला मान्य नाही, आणि ज्याला रोजच तो अनुभव येतो त्याला प्रयोगाची काय गरज? त्याऐवजी प्रत्येकाने आठवडाभर कानावर आलेले शब्द एका वहीत लिहिले, कुणी म्हटले ते न लिहिता. घाटी, भायलो, भैया, लमाणी, चिंकी, काळू, पाकिस्तानी. वही भरायला चार दिवस लागले. स्वयंपाकाच्या ताईंनी सर्वांत जास्त लिहून दिले, कारण वाढताना त्यांच्यासमोर मुले मोकळी बोलतात.

यातून जे ठरले ते लहानच आहे. देशात किंवा जगात मोठा हल्ला किंवा युद्ध झाले की दुसऱ्या दिवशी परिपाठात त्यावर बोलायचे, मुलांच्या आधी मोठ्यांनी. कोणत्याही मुलाला त्याच्या प्रांताच्या किंवा धर्माच्या वतीने काही सांगायला उभे करायचे नाही, कौतुकानेसुद्धा नाही. ‘सांग बाळ, तुमच्यात ईद कशी करतात’ हेही वर्गासमोर अचानक नको. त्याला हवे तेव्हा तो सांगेल. आणि बालरथात चालकाशेजारी रोज एक शिक्षक बसेल. शेवटचा ठराव चालकाने स्वतः मांडला. त्याने मे महिन्यात त्या वडिलांना फोन केला होता. फोन लागला नाही, असे त्याने सभेत सांगितले.

काही पालकांना अजूनही वाटते की हे सगळे करून मुले हळवी होतील, बाहेरचे जग असे नाही. बाहेरचे जग असे नाही हे आम्हाला ठाऊक आहे. मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडण्यात कुठकुठली माणसे येऊन राहिली आहेत ते आपण पाहतोच. त्यांची मुले आमच्याकडे प्रवेशाला येतात, आणि आपलीही मुले त्याच विमानतळावरून दुसऱ्या कुणाच्या शाळेत, कुणाच्या नोकरीत जातात.

चौथी बैठक स्नेहसंमेलनानंतरच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीन वाजता सभागृहात होईल. ती पालकांसाठी आहे. ज्यांच्या घरातले कुणी आखातात, आफ्रिकेत, इंग्लंडात किंवा बोटीवर नोकरी केलेले आहे त्यांनी जरूर यावे आणि तिथे आपल्याला काय म्हणत ते सांगावे. जे इथे बाहेरून येऊन राहिले आहेत त्यांनीही यावे. बोलायचे नसेल तर नुसते बसावे. चहा शाळेचा.

आपले,
मुख्याध्यापक